पादचारी-सायकल पुलाचा आराखडा कसा मांडावा: गेट्सहेडच्या पुलावरून

पुलाचा आराखडा करायला बसताना सुरुवात आकारापासून करू नये. नदीच्या आणि वापरणाऱ्यांच्या अटी आधी कागदावर लिहून काढाव्यात. उत्तर इंग्लंडमधील टाइन नदीवरच्या गेट्सहेड मिलेनियम पुलासाठी 1996 मध्ये स्पर्धा झाली, तेव्हा अटी एकमेकींच्या विरोधात होत्या. जहाजांना खालून सुमारे 25 मीटर मोकळी उंची हवी होती, पण चालणाऱ्यांना आणि सायकलस्वारांना एवढा चढ चढायला लावणे शक्य नव्हते. अशा वेळी दोन्ही बाजूंना थोडे थोडे गैरसोयीत टाकणारा मध्यम उपाय शोधू नये.

विल्किन्सन आयर हे वास्तुरचनाकार आणि गिफर्ड हे अभियंते यांनी रस्ता सरळ न नेता नदीवर बाहेरच्या बाजूला वळवला. वळणामुळे लांबी वाढते आणि त्यामुळे पूल खाली असताना लागणारी थोडी उंची सौम्य चढाने गाठता येते. हा वळलेला रस्ता पोलादी तारांनी एका कललेल्या कमानीला बांधला आणि दोन्हींसाठी प्रत्येक काठावर एक सामाईक बिजागरी ठेवली. जहाज आले की अख्खा पूल सुमारे 40 अंशांत कलतो: रस्ता वर येतो, कमान खाली झुकते आणि तराजूच्या पारड्यांप्रमाणे दोघांचे वजन एकमेकांना बरेचसे तोलून धरते. त्यामुळे सहा हायड्रॉलिक सिलिंडर हे काम साडेचार मिनिटांत उरकू शकतात. माझ्या मते खरी कल्पकता इथे आहे. लोकांनी दिलेले ‘मिचकणारा डोळा’ हे नाव या हालचालीवरूनच पडले.

चालणाऱ्यांची आणि सायकलींची मार्गिका सुरुवातीपासूनच वेगळी आखावी. येथे त्या दोन पातळ्यांवर आहेत आणि मध्ये जाळीदार आडोसा आहे; केवळ रंगाचा पट्टा ओढून भागवलेले नाही.

उभारणीची पद्धतही आराखड्यासोबतच ठरवावी. नदीच्या प्रवाहाच्या खालच्या बाजूला सुटे भाग जोडून तयार केलेला हा 850 टनांचा सांगाडा नोव्हेंबर 2000 मध्ये तरंगत्या क्रेनने एकसंध उचलून बसवला गेला. पूल सप्टेंबर 2001 मध्ये लोकांसाठी खुला झाला आणि 2002 मध्ये त्याला वास्तुरचनेसाठीचे ब्रिटनमधील स्टर्लिंग पारितोषिक मिळाले.

शेवटी देखभालीच्या बारीकसारीक गोष्टी पाहाव्यात. पूल कलला की रस्त्यावरचा कचरा घरंगळत टोकांकडे जातो आणि तेथे त्यासाठीच केलेल्या कप्प्यांत पडतो.