उंदरांचं रक्त काढताना या चुका टाळा, मग ग्लुकोमीटरला दोष द्या

प्रोजेक्टचा सीझन आला की दर वर्षी कोणीतरी तोच चेहरा घेऊन येतं. कंट्रोल ग्रुपची, म्हणजे औषध न दिलेल्या उंदरांची, शुगर चढून १६०-१७०, आणि पहिला प्रश्न, सर मशीन बिघडलंय का? मशीनला काही धाड भरलेली नाही, उंदीर घाबरलाय.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे एक अख्खा ग्रुप संपवायचा आणि मग दुसरा घ्यायचा. मागे एका मुलीने औषधवाले विस्टार रॅट (लॅबमधल्या पांढऱ्या उंदरांची जात) आधी घेतले, कंट्रोल शेवटी. पिंजरे ट्रॉलीवरून खडखडत आणले आणि लगेच सुई. पहिला उचलला की बाकीचे त्याची धडपड ऐकतात, वास घेतात, अ‍ॅड्रेनलिन चढतं, लिव्हर साठवलेली साखर रक्तात सोडतं. शेवटपर्यंत ताटकळलेल्या कंट्रोलची शुगर वर, म्हणून औषध काय जबरदस्त चाललंय असं दिसलं! पेढे तेवढे वाटायचे राहिले होते. मी परत करायला लावलं, पिंजरे आदल्या संध्याकाळपासून त्याच खोलीत, एक कंट्रोल एक औषधवाला असं आलटून पालटून, आणि फरक गायब. रडली बिचारी.

दुसरं, कॉर्टिकोस्टेरॉन (ताणात वाढणारं हार्मोन) मोजायचं असेल तर पिंजऱ्याला हात लागल्यापासून ३ मिनिटांत रक्त ट्यूबमध्ये हवं. स्टॉपवॉच झाकणाला हात लावताना सुरू, सुई टोचताना नाही, हे किती वेळा सांगायचं! वेळही रोज तीच ठेवा, मी सकाळी ९ ते १०.३० मध्ये उरकतो, कारण संध्याकाळी ते आपोआपच चढतं. आणि उंदरासाठी कॉर्टिसोलचं (माणसातलं ताणाचं हार्मोन) किट मागवू नका, त्याचा मुख्य हार्मोन कॉर्टिकोस्टेरॉन आहे.

शेपटीला धरून माऊस (छोटा उंदीर) उचलणं बंद करा. लिव्हरपूल विद्यापीठाच्या लोकांनी २०१० मध्येच दाखवलंय की नळीतून किंवा ओंजळीत उचललेले माऊस कमी घाबरतात. मी आठवडाभर आधीपासून रोज दोन-दोन मिनिटं हातात घेतो, घाईवाल्यांना हा टाइमपास वाटतो, वाटू दे.

सीबीसीत (रक्तपेशींच्या मोजणीत) न्यूट्रोफिल वर, लिम्फोसाइट खाली (दोन्ही पांढऱ्या पेशी) दिसले की लगेच इन्फेक्शन लिहू नका, स्ट्रेसमध्येही तेच होतं. झायलाझिन (गुंगीचं औषध) दिलंत तर शुगर वाढणारच. नवीन आलेल्या प्राण्यांना पहिला आठवडाभर हात लावू नका, हाताळणी त्यानंतर. आणि बारीक सुईने जोरात ओढून लाल पेशी फुटून सीरम (रक्तातला पेशींविना द्रव) गुलाबी झालं तर पोटॅशियम बघूच नका, ते पेशींतूनच बाहेर पडलेलं असतं, मी तरी ती ट्यूब सरळ बायोमेडिकलच्या डब्यात टाकतो.