त्वचेच्या कर्करोगावरील वनस्पतिजन्य औषधाचा दावा कसा तपासावा

दादरच्या काष्ठौषधींच्या दुकानात हळकुंडापासून बिब्ब्यापर्यंत सारे काही मिळते, आणि अमुक लेपाने त्वचेचा कॅन्सर बरा होतो असा संदेश मोबाइलवर आला की अनेकांची पावले तिकडे वळतात. त्यापूर्वी प्रयोग कशावर झाला, ते पाहावे. हळदीतील कर्क्युमिन काचपात्रात मेलॅनोमा या त्वचेच्या कर्करोगाच्या पेशी मारते, हे खरे. मात्र पोटात घेतल्यावर ते रक्तात फारच थोडे उतरते, त्यामुळे पेशींवर लागू पडलेली मात्रा शरीरात गाठणे अवघड जाते. भारतात त्या द्रव्याची माणसांवर चाचणी चालू आहे का, हे सीटीआरआय या सरकारी नोंदणीच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते.

वनस्पती आणि तिच्यावरून सुचलेले औषध यांतही गल्लत करू नये. अमेरिकेच्या आयडाहो राज्यात एक रानवनस्पती गाभण मेंढ्यांच्या खाण्यात आली की एकच डोळा असलेली कोकरे जन्मत. त्याला कारण ठरलेले सायक्लोपामिन पेशींच्या वाढीचा 'हेजहॉग' हा संदेशमार्ग रोखते, आणि बेसल सेल कार्सिनोमा या त्वचेच्याच दुसऱ्या कर्करोगात नेमका हाच मार्ग मोकाट सुटलेला असतो. तोच मार्ग अडवणारे, पण प्रयोगशाळेत घडवलेले व्हिस्मोडेगिब हे औषध २०१२ मध्ये तेथे मंजूर झाले. त्याच वर्षी मंजुरी मिळालेले इंजेनॉल मेब्युटेट हे युफोर्बिया या वनस्पतीच्या चिकातील द्रव्य कर्करोगपूर्व चट्ट्यांवर लावत. लावल्या जागीच कर्करोग वाढत असल्याची शंका बळावली आणि २०२० मध्ये ते युरोपच्या बाजारातून गेले.

तीळ किंवा चामखीळ जाळण्यासाठी बिब्ब्याचे तेल तर मुळीच लावू नये. कातडी भाजते, काळी खपली धरते, ती गळल्यावर जागा बरी झाल्यासारखी दिसते आणि गाठ मात्र खाली वाढत राहू शकते. शिवाय भाजलेल्या जागेचा तुकडा तपासून निदान करणेही कठीण होते. कर्करोग बरा करण्याची जाहिरात १९५४ च्या कायद्याने निषिद्ध आहे, तेव्हा 'हमखास गुण' असे छापलेली बाटली तेथेच ठेवावी.

आपल्याकडे मेलॅनोमा बहुधा तळपायावर किंवा नखाखाली आढळतो. नखात उभी काळी रेघ उमटली, तळव्यावरचा डाग पसरू लागला किंवा महिनाभर जखम भरली नाही, तर शेजारी रुपयाचे नाणे ठेवून फोटो काढावा आणि काहीही न लावता त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. परळच्या टाटा रुग्णालयात उपचार आधीच चालू असतील, तर घरी घेत असलेल्या काढ्याची व कर्क्युमिनच्या कॅप्सूलची डबी लेबलासकट पिशवीत टाकून न्यावी, कारण नुसते 'आयुर्वेदिक घेतो' एवढ्यावरून डॉक्टरांना काहीच ठरवता येत नाही.