मराठवाड्यातून हर की दून : आठवडाभराचा पहिला ट्रेक कसा आखावा

मे महिन्यात परभणी-नांदेडचा पारा ४२च्या वर गेला की आपल्याकडे डोंगर चढण्याचा विषय संपतो. अजिंठ्याच्या रांगेत झरे आटलेले असतात, बालाघाटात सावली शोधावी लागते. उन्हाळ्याच्या सुट्टीतच आठवडाभर पाठीवर सॅक घेऊन चालायचं असेल तर उत्तरेला जाणं भाग आहे. पहिल्यांदाच जाणाऱ्याला मी उत्तराखंडमधलं हर की दूनचं खोरं सुचवेन. उत्तरकाशी जिल्ह्यातली ही वाट सुपीन नदीच्या काठाकाठानं चढत साधारण ३,५०० मीटरवर पोहोचते. चढ एकदम अंगावर येत नाही, आणि निम्म्या वाटेपर्यंत गावं असल्यानं जेवणाखाण्याची फार चिंता नसते.

आधी तारखा

अक्षय तृतीया ते मृग हा काळ सोयीचा. मुलांच्या परीक्षा संपलेल्या असतात, शेती असणाऱ्यांनाही पेरणीच्या आधी परतता येतं. जूनच्या अखेरीस तिकडे पाऊस सुरू होतो, दरडी कोसळतात. म्हणून मेचा दुसरा-तिसरा आठवडा धरावा.

चालणं सात दिवसांचं असलं तरी रजा बारा-तेरा दिवसांची टाका. नांदेडहून सुटणारी सचखंड एक्स्प्रेस परभणी, जालना, छत्रपती संभाजीनगर करत दुसऱ्या दिवशी दिल्लीला पोहोचते. लातूर-बीडकडच्यांनी परभणी गाठावी. दिल्लीहून डेहराडूनला रेल्वे आणि बस दोन्ही भरपूर. डेहराडून ते सांक्री (ट्रेक या गावातून सुरू होतो) हा मसुरी, पुरोला, मोरीमार्गे जवळपास २०० किलोमीटरचा घाटरस्ता आहे, त्यात अख्खा दिवस जातो. बस सकाळीच निघतात, म्हणून आदल्या रात्रीचा मुक्काम डेहराडूनलाच ठेवा. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. मेमध्ये चारधामची गर्दीही सुरू असते, त्यामुळे पहिल्याच दिवशी तिकीट काढा. पुरोल्याच्या पुढे एटीएमवर भिस्त ठेवू नका, रोख रक्कम सोबत असू द्या.

मग मुक्काम

बहुतेक नवखे इथंच घाई करतात. नकाशावर अंतर मोजतात आणि पाच दिवसांत उरकू म्हणतात. पैठणहून नाथांच्या पालखीबरोबर पंढरपूरला चाललेल्या कुणालाही विचारा: आधी मुक्काम ठरतात, चालणं त्यावरून ठरतं. पहाटे निघायचं, दुपारी टेकायचं, दिवस मावळायच्या आत जेवायला बसायचं. इथंही तेच करा.

पहिल्या दिवशी सांक्रीहून तालुक्यापर्यंत पायीच जा. तालुका हे गावाचं नाव आहे. जीप मिळते, पण हे दहा-अकरा किलोमीटर शरीराला सवय लावायला कामी येतात. दुसऱ्या दिवशी गंगाड गाव ओलांडून ओसला गावी. तिसरा दिवस ओसल्यातच काढा, आणि हा दिवस कुणी कितीही आग्रह केला तरी कापू नका. देवदाराच्या लाकडाची घरं, उतारावरची शेतं आणि गावचं देऊळ पाहण्यात तो सहज जातो (देवळात विचारल्याशिवाय पाऊल टाकू नका). चौथ्या दिवशी कलकत्तियाधार, पाचव्या दिवशी हर की दून. समोर स्वर्गारोहिणीची ६,२५२ मीटरपर्यंत उंच शिखरं. पांडव याच वाटेनं स्वर्गाला निघाले असं तिकडचे लोक सांगतात. सहाव्या दिवशी उतरून ओसला, सातव्या दिवशी तालुका आणि जीपनं सांक्री. याशिवाय एक दिवस राखीव ठेवा. पाऊस आला किंवा कुणाचं पोट बिघडलं तर तो लागतो.

हा भाग गोविंद राष्ट्रीय उद्यानात येतो. वनविभागाची परवानगी आणि शुल्क लागतं, म्हणून ओळखपत्राच्या दोन-तीन झेरॉक्स ठेवा. वाटाड्या सांक्रीतलाच घ्या. पहिल्या ट्रेकला हे पैसे वाचवण्यात शहाणपण नाही.

पाय तयार करणं

फेब्रुवारीच्या अखेरीस सुरुवात करा, हातात दहा-अकरा आठवडे मिळतात. संभाजीनगरकरांना गोगाबाबा टेकडी आहे, अंबाजोगाईत मुकुंदराजांच्या समाधीकडचा उतार-चढ आहे, धाराशिवला लेण्यांकडचे डोंगर आहेत. सपाट गावात राहणाऱ्यांनी पाण्याच्या टाकीचा किंवा चार मजली इमारतीचा जिना धरावा. लोक हसतील, हसू द्या. पहाटे पाचला निघा आणि एप्रिलमध्ये आठच्या आत घरी या. ऊन अंगावर घेऊन दमसास वाढत नाही, उष्माघात मात्र होतो.

पहिले तीन आठवडे रिकाम्या हातानं चाला. पुढे सॅकमध्ये पाण्यानं भरलेल्या दोन लिटरच्या बाटल्या टाका: आधी दोन, मग तीन, मग चार. पाणीच का, तर टेकडीच्या माथ्यावर ते झाडांना घालून रिकाम्या सॅकनं उतरता येतं, गुडघे वाचतात. शेवटच्या दोन आठवड्यांत मात्र भरल्या सॅकनं उतरायचीही सवय करा, कारण ट्रेकला मांड्या उतारावरच भरून येतात. बूट याच काळात पायाला बसवायचे. प्रवासाच्या आठवड्यात नवे बूट घेणाऱ्याच्या टाचेला फोड येणार हे धरून चाला.

सॅक

वजनाची मर्यादा स्वतःच्या वजनाचा पाचवा हिस्सा. साठ किलोच्या माणसानं बारा किलोच्या वर जाऊ नये, आणि नवख्यानं नऊ-दहावर थांबावं. घरच्या काट्यावर सॅक खरोखर तोला. ५० लिटरची सॅक पुरते. ७० लिटरची घेतली की ती भरली जातेच.

सुती कपडे दोनच ठेवा, तेही प्रवासासाठी. घाम आणि पाऊस सुती कापडात मुरतो आणि संध्याकाळी थंडी भरते. लवकर वाळणारे दोन टी-शर्ट, दोन पँट, एक जाड जॅकेट, रेनकोट, कानटोपी, लोकरी मोजे, टॉर्च. रात्री वर पारा शून्याजवळ जातो. घरी कूलरसमोर बसून भरलेल्या सॅकेत नेमकं जॅकेटच राहून जातं! स्लीपिंग बॅग सांक्रीत भाड्यानं मिळते, विकत घेऊ नका.

खाण्याच्या बाबतीत आपण नशीबवान. रेल्वेसाठी धपाटे आणि दशम्या, वाटेसाठी गूळ-शेंगदाणे, राजगिऱ्याचे लाडू, सातूचं पीठ, शेंगदाण्याची कोरडी चटणी. वर डाळ-भात-पोळी रोज तीच असते, तिसऱ्या दिवशी ही चटणीच तारते. पाणी उकळून किंवा क्लोरीनची गोळी टाकूनच प्या, झरा कितीही नितळ असला तरी.

उंची

आपल्याला उन्हाची सवय आहे, विरळ हवेची नाही. रोजचं पळणं असणाऱ्या तगड्या पोरालाही उंची लागू शकते. ३,००० मीटरच्या वर झोपण्याची जागा एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढू देऊ नका, आणि तो ओसल्याचा दिवस याचसाठी आहे. डोकं दुखणं, मळमळ, भूक मरणं, चक्कर ही लक्षणं लपवायची नाहीत. ती दिसली की आणखी वर जायचं नाही. वाढत गेली, तोल जायला लागला किंवा बसल्या जागी धाप लागली, तर रात्र असली तरी खाली उतरायचं. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्ससारखी गोळी डॉक्टरांना विचारूनच. सल्फाची ॲलर्जी असेल तर आधी सांगा. रक्तदाब, दमा, मधुमेह असणाऱ्यांनी तिकीट काढण्यापूर्वीच तपासणी करावी.

थंडीत तहान लागत नाही, म्हणून ठरवून तीन-चार लिटर पाणी प्यायचं. ऊनही फसवं असतं, वारा गार लागतो आणि नाक मात्र सोलून निघतं. सनस्क्रीन आणि गळ्यात उपरणं हवंच.

परतीचं तिकीट सांक्रीला उतरण्याच्या दुसऱ्या दिवसाचं काढू नका. राखीव दिवस आणि डेहराडूनची एक रात्र धरून पुढचं काढा.