को लांता की को फांगान? लॅपटॉप घेऊन निघण्याआधी या चुका टाळा

थायलंडमध्ये महिना-दोन महिने समुद्रकाठी राहून काम करायचं म्हटलं की बरेच जण या दोन बेटांपाशी अडतात. फोटो दोन्हीकडचे सारखेच: वाळू, माड, निळं पाणी. फोटो बघून ठरवणं हीच सगळ्यात महागात पडणारी चूक.

सगळ्या थायलंडचा मिळून एक सीझन नसतो. लांता अंदमान समुद्रात, क्राबीच्या बाजूला. तिथे आपल्या कोकणासारखाच नैर्ऋत्य मोसमी पाऊस, साधारण मे ते ऑक्टोबर. फांगान पलीकडे थायलंडच्या आखातात, सामुई बेटाशेजारी. तिथला जोराचा पाऊस तमिळनाडूच्या वेळेला, ऑक्टोबर ते डिसेंबर. जुलैत भाडं उतरलंय म्हणून लांता घेतलंत तर समुद्र खवळलेला आणि बरीच हॉटेलं-खानावळी बंद. नोव्हेंबरात फांगानला गेलात तर वादळी हवेत फेरीबोट रद्द होऊ शकते, आणि त्या बेटावर विमानतळ नाही. माझ्या मते डिसेंबर ते एप्रिल लांता, जुलै-ऑगस्ट फांगान. महिना ठरला की बेट आपोआप ठरतं.

घड्याळाचा हिशेबही आधीच करा. थायलंड आपल्यापुढे दीड तास. पुण्याच्या ऑफिसची साडेनऊची मीटिंग तिथे अकराला, म्हणजे सकाळी पोहून, नाश्ता करून निवांत बसता येतं. टीम न्यूयॉर्कची असेल तर त्यांचे सकाळचे नऊ म्हणजे तुमचे रात्रीचे आठ, हिवाळ्यात नऊ. अशांनी फांगानच्या हाड रिन किनाऱ्यावर खोली घेऊच नये. पौर्णिमेला तिथे रात्रभर पार्टी चालते, त्या दिवसांत खोल्याही मिळत नाहीत. पश्चिमेला श्री थानूकडे बघा.

‘वायफाय आहे’ एवढ्या शब्दावर महिन्याचं भाडं भरू नका. राउटर रिसेप्शनला आणि तुमचा बंगला बागेच्या टोकाला, असं अनेकदा असतं. आधी तीनच रात्री बुक करा. संध्याकाळी, दार लावून, खोलीतल्याच टेबलावरून व्हिडिओ कॉल करून बघा. खुर्चीवर सलग तासभर बसा. फोटोत छान दिसणारी बांबूची खुर्ची दुसऱ्या दिवशी कंबर धरायला लावते. वीज गेली की राउटरही बंद पडतो, म्हणून स्थानिक सिमचा हॉटस्पॉट हाताशी हवाच.

स्कूटर दोन्हीकडे लागतेच. आरटीओतून दुचाकीसाठीचा आंतरराष्ट्रीय परवाना काढून न्या. तो नसेल तर अपघातानंतर विमा कंपनी क्लेम नाकारू शकते. पासपोर्ट दुकानात ठेवू नका, रोख डिपॉझिट द्या आणि आधीचे ओरखडे मोबाइलवर टिपून ठेवा.

व्हिसाचे नियम दोन्ही बेटांना एकच. 2024 मध्ये आलेला डीटीव्ही (डेस्टिनेशन थायलंड व्हिसा, तिथे राहून दुसऱ्या देशातलं काम ऑनलाइन करणाऱ्यांसाठी) 5 वर्षांचा, एका वेळी 180 दिवस राहता येतं. खात्यात 5 लाख बाट दाखवावे लागतात आणि अर्ज थायलंडबाहेरूनच करायचा असतो.

आणि भर पावसात लांताचं भाडं भरून बसलाच असाल तर? दक्षिणेकडचं सोडून उत्तरेला सलादानच्या आसपास या, तिथे दुकानं चालू असतात. तेही नको असेल तर व्हॅनने मुख्य भूमीवरून सुरत थानीकडे जा आणि तिथल्या डोनसाक बंदरातून फांगानची फेरीबोट घ्या. अख्खा दिवस जातो, तेव्हा सुट्टीच्याच दिवशी निघा.