शोध अहवालाचं काम शिकताना: ‘ए.कु.मॅ.’ शोधल्याशिवाय सही करू नका

वकिलीची सनद मिळाली, बार कौन्सिलची परीक्षा सुटली, आता टायटलचं काम, म्हणजे जमिनीची मालकी कागदांवरून तपासून शोध अहवाल देणं, शिकायचंय, असं सांगत बरीच मुलं येतात. सातबारा, आठ-अ, सूची क्रमांक दोन (नोंदणी झालेल्या दस्तांची यादी), तीस वर्षांचा शोध हे तुम्हाला माहीत आहे असं धरतो. या कामाला सनदेपलीकडे वेगळा परवाना नाही. बँकेच्या पॅनेलवर जायला मात्र काही वर्षांची वकिली दाखवावी लागते. रेरा या गृहप्रकल्पांच्या कायद्याखालच्या प्रकल्पांत एजंट म्हणून उतरणार असाल तर महारेरा या राज्याच्या प्राधिकरणाची नोंदणी हवी, आणि 2023 पासून त्यासाठी प्रशिक्षण आणि परीक्षाही आली.

आता ज्या गोष्टीनं पहिल्या वर्षी माझी झोप उडवली ती. शेतजमिनीची फाइल होती. सातबाऱ्यावर एकच नाव, भोगवटादार वर्ग 1 (म्हणजे विकायला सरकारी परवानगीची अट नसलेली जमीन), बोजा नाही, सूची दोनमध्ये काही नाही. पक्षकार इसार देऊन मोकळा झालेला. मी चालू सातबाऱ्यावरच्या फेरफाराचा (हक्कबदलाच्या नोंदीचा) क्रमांक धरून मागं मागं जात राहिलो आणि जुन्या हस्तलिखित सातबाऱ्यावर त्याच नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ सापडलं.

ए.कु.मॅ. म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. बाप वारला की थोरल्याचं नाव कुटुंबातर्फे लागायचं. धाकटे भाऊ आणि बहिणी कागदावर यायच्याच नाहीत, किंवा बहिणींची नावं सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात जायची. पुढे सातबारे पुन्हा लिहिले गेले, मग संगणकावर चढले, आणि कुठल्या तरी टप्प्यावर ही अक्षरं गळाली. उरलं एकट्याचं नाव. कुणी वाटणी केली नाही, कुणी हक्कसोड दिलं नाही, तरी कुटुंबाची जमीन एकट्याची दिसू लागली. कर्त्याला, म्हणजे या मॅनेजरला, कायदेशीर गरजेसाठी विकता येतं, पण ती गरज होती हे सिद्ध करण्याचा भार खरेदीदारावर पडतो. बहिणींचं म्हणाल तर 1956 च्या कायद्यानं बापाच्या हिश्श्यात त्या वारस आहेतच, आणि 2005 च्या दुरुस्तीनंतर मुलगी जन्मानं सहदायाद, म्हणजे मुलासारखीच हिस्सेदार आहे.

म्हणून प्रत्येक वारस फेरफाराची पूर्ण नक्कल काढा, नुसता क्रमांक टिपू नका. किती वारस लिहिलेत ते मोजा. मधलं एखादं नाव गायब झालं तर कोणत्या फेरफारानं, हे सापडेपर्यंत थांबा. फेरफारानं मालकी मिळत नाही. जमीन महसूल संहितेचं कलम 157 नोंद खरी असल्याचं फक्त गृहीत धरतं, तेही उलट सिद्ध होईपर्यंत. शंभर रुपयांवरच्या मिळकतीची विक्री नोंदणीकृत खरेदीखतानंच होते. नुसत्या कुलमुखत्यारपत्रावर मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 2011 मध्ये स्पष्ट सांगितलंय.

तयार शोध अहवाल विकत आणून त्यावर सही ठोकणाऱ्यांपासून लांब राहा. त्यात तुमचं नाव जातं, त्यांचं काही जात नाही. सिनिअर निवडताना त्याचं ऑफिस किती मोठं आहे हे पाहू नका. जो फेरफारांची साखळी तुमच्याकडून हातानं लिहून घेतो, तो खरा शिकवणारा. निवृत्त तलाठ्याची ओळख असेल तर सोन्याहून पिवळं. जुनी मोडी-मिश्र अक्षरं ते बसल्या जागी वाचतात.

टायटल इन्शुरन्स आला की हे सगळं संपेल असं काहीजण म्हणतात. रेराच्या कलम 16 मध्ये बिल्डरनं टायटलचा विमा घ्यावा अशी तरतूद आहे खरी. पण विमा कंपनीही आधी टायटल अहवालच मागते, आणि माहीत असून लपवलेला दोष विम्यात बसत नाही.

सुरुवातीला एकेका फाइलला फार वेळ लागतो, हात मंद आहे असं वाटतं. तसं समजू नका. दहाबारा गावांचे फेरफार वाचून झाले की नजर आपोआप वारसांच्या रकान्यावर जाते. तोवर अहवालात ‘वारसांची संमती मिळाल्यास’ अशी अट घालायला लाजू नका. पक्षकार कुरकुरला तरी घाला. माझ्या त्या फाइलमध्ये अखेर चारही बहिणींची हक्कसोडपत्रं नोंदवून घेतली, मगच खरेदीखत झालं.