जर्मनीत पोचल्यावर आधी काय, मग काय

जर्मनीला शिकायला निघताना शनिवारी संध्याकाळी उतरणारं तिकीट काढू नकोस, मग ते कितीही स्वस्त मिळू दे. जर्मनीत रविवारी दुकानं बंद असतात आणि होस्टेलचा हाउसमाइस्टर, म्हणजे किल्ल्या सांभाळणारा माणूस, शनिवार-रविवार सहसा भेटत नाही. खोलीला कुलूप आणि जेवायला स्टेशनवरचा पाव, अशी सुरुवात कशाला? सोमवार ते बुधवार, दुपारच्या आत पोचशील असं बघ. हाउसमाइस्टरला आधीच ई-मेल टाकून किल्लीची वेळ ठरव आणि आलेलं उत्तर छापून जवळ ठेव. मावशी मुहूर्त काढेल. घरातून निघायचा मुहूर्त तिचा, उतरायचा वार आपला.

पासपोर्ट, ॲडमिशनचं पत्र, विम्याचा कागद, ब्लॉक्ड अकाउंटचा, म्हणजे वर्षाच्या खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवायच्या खात्याचा कागद, भाडेकरार हे सगळं केबिन बॅगेत, झेरॉक्ससकट. महालक्ष्मी एक्सप्रेसनं मुंबईला जाणार असशील तर ती पिशवी उशाखाली, सीटखाली नाही.

आता खाण्याचं, कारण मावशीचं निम्मं लक्ष तिथंच आहे. मटणाचं लोणचं, पेढे आणि साजूक तूप, तिन्ही बॅगेतून काढून ठेव. युरोपियन युनियनमध्ये बाहेरच्या देशातून प्रवाशाला मांसाचे आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. कस्टमवाल्यांनी बॅग उघडली तर ते सगळं तिथंच कचऱ्यात जातं. ओल्या कढीपत्त्याची जुडीही नको. कांदा-लसणाची चटणी मात्र बिनधास्त ने. जाड प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत एकात एक बांध आणि वर घट्ट झाकणाचा डबा, नाहीतर तुझा एकुलता एक कोट वर्षभर लसणाचा वास मारेल. कुकर न्यायचाच असेल तर सपाट बुडाचा, इंडक्शनवर चालणारा स्टीलचा घे. तिथं गॅस क्वचित असतो आणि आपला साधा ॲल्युमिनियमचा कुकर इंडक्शनवर तापतच नाही. फोडणी घालताना खिडकी उघडी आणि खोलीकडचं दार बंद ठेव. धुराचा अलार्म वाजून अग्निशमनची गाडी खाली उभी राहिली तर वर बिलही येऊ शकतं. तांदूळ, डाळ तिथं मिळतं, त्यावर वजन घालवू नको.

पोचल्यावरचं सगळ्यात मोठं काम म्हणजे पत्ता नोंदवणं, आनमेल्डुंग. खोलीत राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत करायचं असा कायदा आहे, पण मोठ्या शहरात टेर्मिन म्हणजे अपॉइंटमेंट इतक्या लवकर मिळेलच असं नाही. म्हणून ती कोल्हापुरातूनच ऑनलाइन घेऊन टाक. तारीख पुढची मिळाली तरी घे आणि घेतल्याचा पुरावा जपून ठेव. ऑफिसात पासपोर्टसोबत घरमालकाच्या सहीचा एक कागद लागतो, वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग. नाव आडवंतिडवं असलं तरी कागद एका पानाचा आहे. नुसता भाडेकरार दाखवून भागत नाही. त्यामुळं सुरुवातीला कुणाच्या खोलीत पोटभाडेकरू म्हणून राहणार असशील तर ॲडव्हान्स देण्याआधीच विचार, हा कागद सही करून देणार का? नाही म्हणाला तर दुसरी खोली बघ, ती कितीही छान असली तरी. अर्जात धर्माचा रकाना असतो, कारण चर्चच्या सभासदांकडून चर्चचा कर घेतला जातो. आपल्याला त्यातलं काही लागू नाही, तसं सांगायचं आणि पुढं जायचं.

खोलीत शिरलास की बॅग उघडायच्याही आधी पत्रपेटीवर आणि बेलवर नाव लाव, पासपोर्टवर आहे अगदी तसंच. ही गोष्ट मी दहादा सांगेन. आपल्याकडं 'महाद्वार रोड, देवळाच्या मागं' एवढ्यावर पोस्टमन कोपऱ्यावरच्या पानपट्टीवाल्याला विचारून पत्र आणून देतो. तिथं पेटीवर नाव नसेल तर पत्र परत जातं, खोली नंबर लिहिलेला असला तरी. आणि येतं सगळं पोस्टानंच: टॅक्स नंबर, विम्याचं कार्ड, बँकेचं कार्ड एका पाकिटात आणि त्याचा पिन दुसऱ्या. आखेनला माझ्या मजल्यावर सांगलीची एक मुलगी होती. तिच्या पेटीवर आधीच्या भाडेकरूचंच नाव राहिलं होतं, तर कार्ड आलं आणि पिन परत गेला. तात्पुरती पांढरी चिकटपट्टी आणि पेनही चालतं, पण पहिल्याच दिवशी.

नोंदणीनंतर काही दिवसांनी रेडिओ-टीव्हीच्या फीचं पत्र येईल, घरामागं महिन्याला १८.३६ युरो. टीव्ही नसला तरी भरावी लागते. कुणीतरी फसवतंय म्हणून फेकून देऊ नकोस. एका फ्लॅटमध्ये तिघं राहत असाल तर एकानं भरून वाटून घ्यायची.

पैशाचं गणित असं. ब्लॉक्ड अकाउंटमध्ये सप्टेंबर २०२४ पासून वर्षाचे ११,९०४ युरो ठेवावे लागतात, पण ते हातात येतात महिन्याला ९९२ असे, आणि तेही खातं सुरू झाल्यावर. त्याआधी पहिलं भाडं आणि डिपॉझिट भरायचं असतं. डिपॉझिट कायद्यानं तीन महिन्यांच्या मूळ भाड्यापर्यंत असू शकतं. तेवढी सोय फॉरेक्स कार्डावर वेगळी कर. थोडी रोकडही ठेव, अजून बरीच छोटी दुकानं कार्ड घेत नाहीत.

सिमकार्ड, बसचा पास हे होऊन जातं, त्याची काळजी नको. पाण्याच्या रिकाम्या बाटल्या टाकू नकोस, सुपरमार्केटातल्या मशीनमध्ये घातल्या की प्लॅस्टिकच्या बाटलीमागं बहुतेक वेळा २५ सेंट परत मिळतात. रात्री दहानंतर मिक्सर लावायचा नाही, शेजारी खरोखर तक्रार करतात.

मावशीला फोनची वेळ आत्ताच ठरवून दे. आपण साडेतीन तास पुढं असतो, पण ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी त्यांची घड्याळं मागं जातात आणि फरक साडेचार तासांचा होतो. तुझा संध्याकाळी सातचा फोन म्हणजे तिचे रात्रीचे साडेअकरा.

व्हिसावरची शेवटची तारीख मोबाइलमध्ये टाकून ठेव. त्याच्या आत परदेशी नागरिकांच्या ऑफिसात राहण्याच्या परवान्याचा अर्ज गेला पाहिजे. ऑफिसची तारीख पुढची मिळाली तरी अर्ज वेळेत दिलेला असला की मधल्या काळासाठी एक कागद मिळतो. तो हातात येईपर्यंत दिवाळीला घरी यायचं तिकीट काढू नकोस.