आईवडिलांमागे एचआयव्हीसह वाढणारे मूल: सांभाळ करणाऱ्या आप्तांसाठी

एचआयव्हीमुळे आई किंवा वडील गेले आणि मूल आजीच्या, मामाच्या किंवा काकांच्या पदरी आले, अशी घरे महाराष्ट्रात कमी नाहीत. एचआयव्हीच्या विषाणूला दाबून ठेवणाऱ्या औषधोपचाराला एआरटी म्हणतात; सरकारी एआरटी केंद्रांतून १ एप्रिल २००४ पासून ही औषधे मोफत मिळू लागली आणि २००६ मध्ये लहान मुलांसाठी स्वतंत्र कार्यक्रम सुरू झाला. त्यामुळे आज वेळेवर उपचार मिळालेले मूल शिकते, कमावते होते आणि स्वतःचा संसारही थाटते. एआरटी केंद्रात समुपदेशनाचे काम करताना मला एक गोष्ट वारंवार दिसली. घरातली माणसे हा आजार साऱ्या गावापासून लपवतात, जे त्यांच्या हक्काचे आहे; परंतु तो मुलापासूनही लपवतात आणि बहुतेक अडचणी तेथूनच सुरू होतात.

मूल घरी आल्यावर प्रथम सर्व भावंडांची चाचणी करून घ्यावी. दिसायला धडधाकट आहे म्हणून कोणालाही वगळू नये, कारण जन्मतः लागण झालेली काही मुले आठ-दहा वर्षांपर्यंत फारशी आजारी पडत नाहीत. तान्ह्या बाळाची तपासणी सहाव्या आठवड्यापासून टप्प्याटप्प्याने होते आणि अंतिम निदान १८ महिन्यांच्या सुमारास केले जाते, म्हणून पहिला अहवाल चांगला आला तरी पुढच्या तारखा चुकवू नयेत.

औषधाच्या बाबतीत काटेकोरपणाला पर्याय नाही. महिन्याच्या तीस मात्रांपैकी दोन चुकल्या तरी नियमितपणाचे प्रमाण ९५ टक्क्यांच्या खाली जाते आणि असे वारंवार झाले की विषाणू त्या औषधाला दाद देईनासा होतो. रात्रीचे जेवण किंवा सकाळी शाळेची तयारी अशा रोज ठरलेल्या वेळेला गोळी जोडून द्यावी. पाहुण्यांच्या नजरेस पडू नयेत म्हणून अनेक आज्या बाटलीवरची चिठ्ठी खरवडतात आणि गोळ्या हळदीच्या रिकाम्या डब्यात ओततात. त्यामागची भीती मला समजते, पण बाटलीत ओलावा शोषणारी पुडी असते ती अशाने बाहेर राहते आणि कोणती गोळी किती द्यायची हेही विसरायला होते. त्यापेक्षा बाटली आहे तशीच, झाकण घट्ट लावून, कपाटात कपड्यांच्या मागे ठेवावी. मुलांची मात्रा वजनावर ठरते, म्हणून केंद्रात दर वेळी वजन करण्याचा आग्रह धरावा. मूल वाढत गेले आणि मात्रा तीच राहिली, तर औषध अपुरे पडते. शाळेत दर आठवड्याला लोहाची गोळी देतात, तिचाही उल्लेख डॉक्टरांकडे करावा, कारण काही एआरटी औषधे लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्यांबरोबर नीट शोषली जात नाहीत. खोकला, ताप, वजन न वाढणे यांपैकी काहीही दिसले किंवा घरात कोणाला क्षयरोग झाला, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता केंद्र गाठावे.

आता मुलाला त्याचा आजार सांगण्याविषयी. अकरा वर्षांची एक मुलगी कित्येक आठवडे आपल्या गोळ्या अंगणातल्या तुळशीच्या मातीत पुरत होती. तिला लहानपणापासून सांगितले होते की या ताकदीच्या गोळ्या आहेत. शाळेच्या कबड्डीत तिचा संघ जिंकला, तेव्हा आता आपल्याला ताकदीची गरज उरली नाही, असा सरळ हिशोब तिने केला. विषाणूभाराच्या, म्हणजे रक्तात विषाणू किती आहेत याच्या, तपासणीचा अहवाल पाहून आजी रडत होती. मुलीची मात्र यात काही चूक नव्हती.

म्हणून सहा-सात वर्षांच्या वयातच सुरुवात करावी. त्या वयाच्या मुलाला इतके पुरते: “तुझ्या रक्तात एक जंतू आहे. गोळी घेतलीस की तो झोपून राहतो, चुकवलीस की जागा होतो.” आजाराचे नाव दहा ते बारा वर्षांच्या दरम्यान, शक्यतो समुपदेशकाच्या सोबतीने आणि ज्या माणसावर मुलाचा सर्वाधिक जीव आहे त्याच्या तोंडून सांगावे. “मला कसा झाला?” हा प्रश्न येतोच. “जन्माच्या आसपास आईकडून आला, तिने तो मुद्दाम दिला नाही,” एवढे उत्तर खरे आहे आणि पुरेसे आहे. सुनेने घर बुडवले किंवा मुलाच्या बापाने पाप केले, असली बोलणी मुलाच्या कानावर पडता कामा नयेत. ते मूल त्या दोघांचे आहे आणि असा प्रत्येक शब्द ते स्वतःवर ओढून घेते. ही गोष्ट कोणाला सांगायची आणि कोणाला नाही, हेही त्याच बैठकीत ठरवून द्यावे. ज्या भावंडाला लागण नाही त्यालाही वेळ द्यावा; आईवडील त्याचेही गेलेले असतात.

शाळेत प्रवेश घेताना एचआयव्हीची माहिती देण्याची सक्ती नाही. १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेल्या २०१७ च्या एचआयव्ही आणि एड्स कायद्याने शिक्षणात, उपचारांत, नोकरीत आणि राहत्या घरात भेदभावाला मनाई केली आहे. संमतीशिवाय कोणाची स्थिती उघड करता येत नाही आणि तक्रारीसाठी राज्य पातळीवर लोकपालाची तरतूद आहे. एका बाकावर बसण्याने, डबा वाटून खाल्ल्याने किंवा डास चावल्याने लागण होत नाही. एखाद्या शिक्षकाला विश्वासात घ्यायचे ठरवलेच, तर आधी मुलाला विचारावे. याच कायद्यानुसार १२ ते १८ वर्षांचे समजदार भावंड धाकट्या भावंडाचे पालक म्हणून प्रवेश, उपचार आणि बँकेच्या कामांत पुढे येऊ शकते. जेथे मोठी बहीणच घर चालवते तेथे ही तरतूद मोलाची ठरते.

दुःखाच्या दिवसांत कागदपत्रे मागे पडतात आणि नंतर तीच नडतात. मृत्यूचा दाखला हातात येताच गावच्या तलाठ्याकडे वारस नोंद करावी आणि सातबाऱ्यावर मुलाचे नाव अ.पा.क. म्हणजे अज्ञान (अल्पवयीन) मुलाच्या पालनकर्त्यासह लागले आहे, हे स्वतः उतारा काढून पाहावे. विधवा सुनेला आणि नातवंडांना वगळून वाटण्या झालेल्या मी पाहिल्या आहेत. नोंद असती, तर ते इतके सोपे गेले नसते. बालसंगोपन योजनेतून दरमहा २,२५० रुपये मिळू शकतात, त्यासाठी जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात अर्ज करावा. संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज तहसील कार्यालयात होतो.

सांभाळणारे कोणीच नसेल तर संस्थेचा मार्ग आहे. पंढरपूरची पालवी, पुण्याजवळचे मानव्य अशा संस्थांनी अनेक मुले मोठी केली आहेत. तरीही नात्यातले एक जरी माणूस तयार असेल, तर मूल घरीच राहावे, असे माझे मत आहे.

पंधराव्या-सोळाव्या वर्षी गोळ्या चुकवण्याचे प्रमाण पुन्हा वाढते. त्या वयात मुलाला केंद्रात डॉक्टरांशी एकट्याने बोलू द्यावे आणि आपण बाहेर बाकावर थांबावे. विषाणूभार औषधांनी सातत्याने न सापडण्याइतका कमी राहिला, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही, हे त्याला लग्नाचा विषय निघण्याआधीच कळलेले असावे. घरात बोलायला संकोच वाटत असेल, तर १०९७ हा मोफत मदतक्रमांक त्याच्या फोनमध्ये साठवून द्यावा.